हाताला गुण

खाण खणायला घेताना वरची कसदार माती काढून वेगळी रचून ठेवली होती. काम संपलं की तीच परत पसरायची आणि त्यावर झाडं लावायची, असा नियमच होता. आता खड्डा बुजवून झाला, पण तपासणीला आलेल्या बाईंना मातीचा ढीग काही दिसेना.

"वाहून गेली हो, मॅडम. पावसापुढे कुणाचं काय चालतं?" मॅनेजर हळहळला आणि त्यांना चहाला आपल्या बंगल्यावर घेऊन गेला.

अंगणात वांगी, टोमॅटो, गुलाब नुसते फोफावले होते.

"आमच्या हिच्या हाताला गुणच आहे तसा!" तो कौतुकाने म्हणाला.

बाईंनी काकडीचा वेल जरा बाजूला सारला. त्याला आधार म्हणून रोवलेल्या लोखंडी पाटीवर लिहिलं होतं :


'खाणीची माती. इथून हलवू नये.'