फोन आल्याशिवाय नाही

"वैजयंताबाई, सोमवारपासून खरेदीच्या ऑर्डरी कृत्रिम बुद्धिमत्ता काढणार. तुम्ही गोदामात बसा," पंपाच्या कारखान्याचे साहेब म्हणाले. बावीस वर्षं खरेदी सांभाळलेल्या बाई मान खाली घालून गोदामात गेल्या.

संगणकाने दहा मिनिटांत चाळीस ऑर्डरी ईमेलने धाडल्या. गुरुवारपर्यंत एक बोल्टसुद्धा आला नाही. काम थांबायची वेळ आली, तेव्हा साहेबांनी बाईंनाच बोल्टवाल्या बोरुडेशेठना स्पीकरवर फोन लावायला सांगितला.

"बोरुडेशेठ, ऑर्डर मिळाली ना? मग बोल्ट कुठेत?"

"मिळाली की! पण तुमचा फोन कुठं आला? फोनशिवाय आम्ही कधी माल भरलाय का? मला वाटलं, बाई आजारी पडल्या."

"ठणठणीत आहे. भरा आता. तुमचा गुडघा काय म्हणतोय?"

साहेबांना हसू आवरेना. "बाई, तुमच्या खुर्चीवर या. ऑर्डरी संगणकाने लिहायच्या, फोन तुम्ही करायचे."

"येते," बाई म्हणाल्या, "अजून एकोणचाळीस जणांची तब्येत विचारायचीय."