फक्त ईदपर्यंत

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरातल्या साबण कारखान्यात बॉयलर फुटून तो सांभाळणारे मब्रूक गेले. म्हातारा डुलक्या घेत होता, भोंगा ऐकलाच नाही, असं साहेबांनी अहवालात लिहूनही टाकलं. तंत्रज्ञ नाजिहानं बॉयलरच्या नियंत्रण-पेटीतल्या प्रोसेसरमधली, बिघाड नोंदवणारी मेमरी वाचली. भोंगा वाजलाच नव्हता. "बॅटरी काढ, मेमरी पुसली जाईल," साहेब पुटपुटले. "तुझ्याच भल्यासाठी सांगतोय." भोंगा किती दाबाला वाजायचा हे ठरवणाऱ्या फर्मवेअरच्या चिपवर तिनंच चिकटवलेली चिठ्ठी होती: 'फक्त ईदपर्यंत'. रमजानात मब्रूकच मागे लागले होते, "पोरी, जरा दाब वाढला की भोंगा कोकलतो. उपाशीपोटी डोकं उठतं!" म्हणून तिनं भोंगा बराच जास्त दाब झाल्यावरच वाजेल अशी ही चिप बसवली. ईद होऊन महिना लोटला, जुनी चिप खणातच राहिली. दारात मब्रूकची बायको आली. "खरंच झोपले होते का गं ते?" नाजिहानं चिठ्ठीसकट ती चिप काढून तिच्या हातावर ठेवली. "जागे होते, खाला. हे अक्षर माझं."