बॅगेतलं झबलं

मामाकडे जायची बॅग मनालीने केव्हाच भरली होती, पण आईला बाळ पंधरा दिवस आधीच झालं आणि उन्हाळ्याची सुट्टी बदलापुरातच अडकली. बॅग उघडली की जाणं रद्द, असा तिचा कायदा. ती बॅगेवरच ठाण मांडून बसली. जन्माआधी बाळाचे कपडे आणायचे नाहीत, पहिलं झबलं थोरल्या भावंडाचंच घालायचं, हा आजीचा नेम. मनालीचं एकच झबलं उरलं होतं, तेही बॅगेतल्या बाहुलीच्या अंगावर. दवाखान्यातून बाळ आलं ते आजीच्या लुगड्यात गुंडाळून. "मने, भावाला उघडंच ठेवायचं का गं?" आजीने विचारलं. मनालीने गाल फुगवले, बाळाकडे पाहिलं, मग उतरून चेन ओढली आणि झबलं काढून दिलं. "उघडलीस! म्हणजे जाणं रद्द?" बाबा हसले. बाळाला गुंडाळलेलं लुगडं बॅगेत कोंबत ती म्हणाली, "छे! याचं सामान भरायचं राहिलं होतं."