पोपटीबरोबर शिराझ

ग्लास दर्शनाच्या हातात होता आणि फाटकात सासू उभी होती. ठमाबाईंच्या कडेवर चार महिन्यांची ओवी रडून रडून लाल झाली होती.

"दुधाची वेळ टळली हिची," ठमाबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर ग्लासावर गेली.

संपलं, दर्शनाला वाटलं. खांब गावच्या रिसॉर्टवर नाशिकच्या पाहुण्यांसाठी पोपटी लावायची आहे, मडक्यात पाला घालून कोंबडी, अंडी, वालाच्या शेंगा भाजायच्या आहेत, एवढंच तिने घरी सांगितलं होतं. पाहुणे वाइनवाले आहेत, हे तिने गिळलं होतं. सासरे धरमतरच्या मिठागरात कामाला होते. दारूनेच गेले. तेव्हापासून खोकल्याच्या औषधाचासुद्धा ठमाबाई आधी वास घेत, मगच बाटली घरात येई.

पण हे काम तिला हवं होतं. नवऱ्याची, हिरामणची, रोह्याची कंपनी दिवाळीपासून बंद होती. आजचं जमलं तर हंगामभर दर शनिवारचा स्वयंपाक तिचा होता. अडलं होतं ते कमळाकरपाशी. तो वाइन कंपनीचा माणूस.

"कशाबरोबर कसं लागतं ते रांधणाऱ्यानेच पाहुण्यांना सांगायचं, ही आमची पद्धत आहे," तो पुन्हा म्हणाला. "ही शिराझ. काळं, जाड सालीचं द्राक्ष असतं. साल रसातच मुरवतात, म्हणून तुरट. एक घोट घ्या. हवं तर थुंका."

बाळाला पाजणाऱ्या बाईने वाइन घ्यावी का, ते दर्शनाने दुपारीच मोबाइलवर वाचलं होतं. एका ठिकाणी लिहिलं होतं, घोटाने काही होत नाही. दुसऱ्या ठिकाणी, थेंबही नको. तिचा जीव दुसऱ्यालाच धरून बसला होता.

"नाही जमणार मला," ती म्हणाली. "अंगावर पाजते मी."

"मग दुसरी बाई बघावी लागेल, ताई." कमळाकर अवघडला. "पाहुणे येतीलच आता."

ठमाबाईंनी ओवीला आईकडे दिलं आणि ग्लास काढून घेतला. दर्शनाने डोळे मिटले. आता काच फुटणार.

काच फुटली नाही. तिने डोळे उघडले तेव्हा ठमाबाईंनी घोट घेतला होता आणि त्यांचं तोंड वाकडं झालं होतं.

"कच्चं जांभूळ चावल्यासारखं हाय."

समोर सुक्या जवळ्याची वाटी होती. खाडीकडच्या माणसाला सुक्या मासळीशिवाय पाहुण्याचं ताट पुरं वाटत नाही, म्हणून दर्शनाने ती आवर्जून ठेवली होती. ठमाबाईंनी चिमूटभर जवळा तोंडात टाकला आणि वर घोट घेतला.

"शी. लोखंड चाटल्यासारखं. ह्यो जवळा उचल गो इथून."

मग मडक्यातली कोंबडी. भांबुर्डीच्या पाल्याचा, जाळाचा वास तिच्यात उतरला होता. त्यांनी घास चावला, घोट घेतला, पुन्हा चावत राहिल्या.

"ह्याच्याबरोबर बरं लागतं. तोंड ओढत नाय. वालाच्या शेंगांबरोबर पन चालंल." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "अंड्याचं तुमचं तुमी बघा."

कमळाकर हसला. "झालं की, ताई. हेच सांगा पाहुण्यांना, असंच." गाडीचा आवाज आला तसा तो फाटकाकडे धावला.

 ओवी दर्शनाच्या छातीशी धुसफुसत होती.

"आई, रागावला नाहीत तुम्ही?"

"रागावलेय तर. खोटं बोललीस ते घरी गेल्यावर बघते." ठमाबाईंनी पदराने जीभ खसखसून पुसली. मग पाहुण्यांकडे पाठ करून, दोन्ही हातांनी पदर पसरून त्या सुनेसमोर आडोशाला उभ्या राहिल्या. "आता पाज तिला. बाटायचं ते मी बाटले."