मुकुंदरावांचं नाव

गाईडने बसमधून ते उंच सुळके दाखवले आणि सांगितलं, ज्वालामुखीच्या राखेचा इथे मऊ दगड झाला आणि माणसांनी तो कोरून आत संसार थाटले. तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियाचं एवढं कौतुक पुरे झालं, मग बायकांनी उखाण्यांचा आग्रह धरला.

एकटी आलेली बाई दिसली की तिचा हिशेब लागेपर्यंत सहप्रवाशांना चहा गोड लागत नाही. म्हणून हेमलताबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात, ते घरीच आहेत." मुकुंदराव श्रावणात वारले होते. पण घरी सगळे हेमलताबाईंशी हळू आवाजात बोलत, आणि इथे आठ दिवस तरी त्यांना पुन्हा कुणाची तरी बायको म्हणून वावरायचं होतं.

"राखेचा झाला दगड, दगडात कोरलं घर," त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मुकुंदरावांचं नाव घेते, जीव माझा त्यांच्यावर."

टाळ्या पडल्या. शेजारच्या सबनीसबाई म्हणाल्या, "हा त्यांना ऐकवायलाच हवा. लावा घरी फोन. की भांडून आलात?"

सगळी बस हसत बघायला लागली. नाही म्हणायची सोय उरली नाही. मुलाने फोन उचलला, आणि हेमलताबाई काही बोलायच्या आत सबनीसबाईंनी तो ओढून स्पीकरवर टाकला. "अरे, बाबांना दे जरा. आईने झकास उखाणा घेतलाय त्यांच्या नावाचा."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"बाबा आत्ताच झोपलेत, काकू," मुलगा म्हणाला. "आई, उठले की सांगतो हं त्यांना."