चाचा सरकून बसले

धक्क्याला बांधलेलं जहाज पुन्हा वीतभर लांब झालं होतं. त्याचं पोलाद संगणकातल्या मॉडेलप्रमाणे आपणहून आकार बदलायचं, म्हणून जहाजाची इंजिनियर केतकी तांडेल हिनं मॉडेलच उघडलं. पुढच्या टोकाचं माप शेजारच्या भिंतीपासून धरलेलं होतं, भिंतीचं सांगाड्याच्या फासळीपासून, त्या फासळीचं तिच्या मागच्या फासळीपासून. माग काढत ती सगळ्या मापांच्या मूळ संदर्भबिंदूपाशी पोचली. तो स्वयंपाकघरात निघाला. कुणी माणसानं तो दिलेला नव्हता. जहाजानं स्वतःच निवडला होता.

तिथे लतीफचाचा लसूण सोलत बसले होते. जहाज पाण्यात उतरल्यापासून तेच इथले आचारी.

"चाचा, इथलं काही हलवलंत का?"

"मी कशाला हलवू? ऊन डोळ्यांवर यायला लागलं, म्हणून जरा सरकून बसलो."

केतकीनं त्यांना उठवून स्टूल ओढून पाहिलं. काहीच झालं नाही. मग तिनं चाचांनाच दोन पावलं चालायला लावलं, तशा भिंती कुरकुरल्या.

कप्तान बदलले, माल बदलला, बंदरं बदलली. न बदललेला हा एकच माणूस जहाजाला सापडला होता.

"आता कुठेही जाऊ नका, चाचा."

"वा गं! आज रिटायर होतोय मी. घरी वाट बघतायत."

केतकीनं दिलेला दुसरा कुठलाच बिंदू जहाजानं घेतला नाही. संध्याकाळी चाचा पिशवी घेऊन शिडीवरून उतरले आणि धक्क्यावरून गावाकडे चालू लागले. ती कठडा धरून बघत राहिली.

शिडीला एक नवी पायरी फुटली. मग आणखी एक.