नवाच आहे अजून

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. सकाळपासून सातव्यांदा.

"आता काय केलंस?" हॉलमधून शेखरने विचारलं. शनिवार, कंपनीला सुट्टी, स्वारी सोफ्यावर आडवी.

घ्या! काय केलंस म्हणे. तीन महिने मंजुषा हेच ऐकत होती. व्हिडिओ बघून, एकेक पार्ट आणून याने घरी कॉम्प्युटर जोडला, अख्ख्या बिल्डिंगला बोलावून दाखवला; आणि तो बंद पडला की दोष बायकोच्या हाताचा. रॅम बदलून झाली, पॉवर सप्लाय बदलून झाला, विंडोज तीनदा टाकून झालं. दुकानात न्यायचं नाव काढलं की साहेबांचा अपमान. "तुझं ते डिझाइनचं सॉफ्टवेअरच भंगार आहे," असा निकाल देऊन तो मोकळा झाला होता.

फोन वाजला. पिंपळगावच्या पॅकहाऊसचे खंडेराव.

"ताई, द्राक्षाच्या पेटीचं लेबल कुठंय? साडेतीनला प्रिंटिंगवाला मशीन लावतोय. नाय आलं तर मी दुसऱ्याकडून करून घेतो. मंग सगळ्या सीझनचं काम त्याच्याकडंच जाईल. मागून राग मानू नका."

"पाठवते भाऊ. साडेतीनच्या आत."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. लेबल कधीच तयार होतं, फक्त छपाईची फाइल बनवायची होती. पण ते बटण दाबलं की दोन मिनिटांत सगळं काळं.

तिने कॉम्प्युटर चालू केला. पांढरी इंग्रजी अक्षरं आली. "ती आली की एफ वन दाबायचं आणि पुढे जायचं, वाचत बसायचं नाही," हे शेखरने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आज ती वाचत बसली. प्रोसेसर अति तापला आहे, असं लिहिलं होतं. पुढच्या पानावर आकडा होता, अठ्ठ्याण्णव डिग्री. बाहेर जानेवारीची थंडी, तिच्या पायात मोजे, अंगात स्वेटर, आणि आत हे!

तिने प्लग काढला, कॅबिनेटची काच उघडली. काचेवरचं प्लास्टिक अजून तसंच, त्यावर बोटांचे तेलकट ठसे आणि धूळ. प्रोसेसरवर कूलर बसवलेला होता, पंखा आणि त्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. तिने पट्ट्यांना बोट लावलं.

गार. खाली गॅस भडकलेला आणि वर तवा थंडगार, असं कसं होईल? मध्ये काहीतरी होतं.

शिलाई मशीनच्या खणातून तिने स्क्रू-ड्रायव्हर आणला. चार स्क्रू काढून कूलर उचलला, तो पचकन आवाज करत सुटला. तळाला पारदर्शक फिल्म चिकटलेली होती. उष्णतेने पिवळी पडून सुरकुतलेली. तिच्यावर शेंबडासारखी पेस्ट फासलेली. पेस्टच्या आडून लाल अक्षरं दिसत होती: बसवण्याआधी ही फिल्म काढा.

शी! दोन बोटांत ती फिल्म धरून ती हॉलमध्ये गेली.

"हे काय आहे?"

शेखरने मान वर केली. "कव्हर आहे ते. मुद्दाम ठेवलंय. खालचा भाग आरशासारखा असतो, चरे पडतात."

"काढा म्हणून लिहिलंय त्याच्यावर."

"लिहितात गं. सगळ्यावरच लिहितात."

खरंच होतं ते, आणि याने कशावरचंच काढलं नव्हतं. या घरात रिमोट पिशवीत होता. फ्रिजच्या हँडलवर हळदीने पिवळं झालेलं प्लास्टिक होतं. आणि तो ज्याच्यावर लोळत होता तो सोफा, मंजुषाच्या बाबांनी लग्नात दिलेला, सात वर्षं प्लास्टिकमध्ये. पाहुणे बसले की करकरायचा, उन्हाळ्यात मांड्यांना चिकटायचा. शेखर मात्र सगळ्यांना सांगायचा, "बघा, नवाच आहे अजून!"

फिल्म कचऱ्यात टाकून ती आत गेली.

कूलरचा तळ पुसला, कूलरच्या खोक्यातल्या ट्यूबमध्ये उरलेली तीच पेस्ट प्रोसेसरवर लावली, स्क्रू आवळले. कॉम्प्युटर चालू झाला. तिने बटण दाबलं. दोन मिनिटं गेली. पाच गेली. फाइल झाली, तीन वीसला गेली.

"मिळालं ताई," खंडेरावांचा फोन आला. "सोमवारी दुसऱ्या लेबलचं काम पाठवतो. आता तुमच्याकडंच देऊ सगळं."

तिने फोन ठेवला आणि खुर्चीत डोळे मिटून बसली. मिनिटभर फार बरं वाटलं. मग हॉलमधून आवाज आला. शेखर मित्राला सांगत होता.

"अरे ओम, सापडला फॉल्ट! कूलरचा कॉन्टॅक्टच होत नव्हता. नाही रे, मीच शोधला. ती? ती काय, एफ वन दाबते."

मंजुषा उठली. स्क्रू-ड्रायव्हर अजून टेबलावरच होता.

"उठा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"उठा म्हणते ना."

फोन कानाला तसाच धरून तो उठला. तिने स्क्रू-ड्रायव्हर सोफ्याच्या कोपऱ्यात खुपसला आणि प्लास्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत टरकावलं.

"अगं ए! वेड लागलंय का? नवा सोफा आहे!"

कुबट भपकारा आला. बाबांनी चार दुकानं फिरून निवडलेल्या मरून मखमलीवर काळी-हिरवी बुरशी पसरली होती. सीटवर, पाठीवर, हातांवर. प्लास्टिकच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब होते.

"हॅलो? काय झालं रे?" फोनमधून ओम विचारत होता.

मंजुषा बाजूला सरकली.

"बसा ना," ती म्हणाली. "नवाच आहे अजून."

शेखर उभाच राहिला.